चार क्रेडिटांचा किराणा

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणाचं काहीतरी असेल. त्यांनी खुर्ची दाखवली, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, आजपासून प्लेसमेंट सेल तुमच्याकडे."

"सर, मी मराठीचा माणूस. महानुभावांचं गद्य शिकवतो."

"म्हणूनच. तुम्ही बरं बोलता. शिवाय कॉमर्सच्या सरांची बदली झाली, कॉम्प्युटरचे सर तासिका तत्त्वावर आहेत आणि गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. उरलं कोण?"

उरलो मी. माझं स्वतःचं प्लेसमेंट आयुष्यात एकदाच झालं. त्या मुलाखतीत मला दोनच प्रश्न विचारले होते : गाव कुठलं आणि मामा कोण. दोन्हींची उत्तरं मी न अडखळता दिली. त्यानंतर कुठे अर्ज केला नाही, रेझ्युमे लिहिला नाही, टाय बांधला नाही. आता मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोरापोरींना 'करिअर रेडी' करणार होतो. चहा आला, तो मात्र मी नीट प्यायलो.

पहिलं संकट भाषेचं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली जाहीर झालं आणि आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे २०२३-२४ पासूनच आमच्या वर्गात येऊन बसलं. पूर्वी मुलं मराठी, इतिहास, भूगोल असले साधे विषय घ्यायची आणि साधेपणानेच नापास व्हायची. आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, सीईपी, एफपी आणि ओजेटी. स्टाफरूमच्या भिंतीवर आम्ही यादीच चिकटवली आहे. चहा येईपर्यंत ती पाठ करतो, चहा पिऊन विसरतो. त्यातलं व्हीएससी म्हणजे व्यावसायिक कौशल्य आणि एसईसी म्हणजे कौशल्यवृद्धी. दोन्हींत फरक काय, असं मी एका बैठकीत विचारलं. "एकात कौशल्य द्यायचं, दुसऱ्यात ते वाढवायचं," असं उत्तर मिळालं. जे द्यायला आपल्याकडेच नाही ते वाढवायचं कुठून, हा पुढचा प्रश्न मी गिळला, कारण बैठक जेवणाच्या सुट्टीआधीची होती.

एक पालक आले. डोक्यावर टोपी, हातात पोराची गुणपत्रिका.

"सर, पोराचा व्हीएससी राहिलाय म्हणं. मग त्याला एमपीएससीला बसता येत न्हाई का?"

मी त्यांना बसवलं. क्रेडिट म्हणजे काय, श्रेयांक बँक म्हणजे काय, एका वर्षाने बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे बसता येतंय."

"येतंय."

"मग आधी तेवढंच सांगायचं की ओ!"

आमच्या वेळी हे सोपं होतं. कौशल्य म्हणजे टायपिंग. एसटी स्टँडामागे वरच्या मजल्यावर इन्स्टिट्यूट असायचं. तिथे घामेजलेली पोरं ओळीनं बसून एएसडीएफजीएफ बडवायची. इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस झालं की बाप गावभर सांगत सुटायचा. पुढे २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि सगळा महाराष्ट्र माउस धरायला शिकला. मीही ती परीक्षा दिली, कारण नोकरीला ती लागत होती. त्या बळावर आजतागायत मी एक्सेलमध्ये मार्कांची यादी करतो. म्हणजे रकाने एक्सेलमध्ये करतो, बेरीज मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करतो आणि आलेला आकडा खाली टाइप करतो. एकदा बीकॉमच्या एका मुलीने मागे उभं राहून हे पाहिलं. ती काही बोलली नाही. नुसती वाकली, दोन कळा दाबल्या आणि सगळ्या बेरजा एकदम आल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या बेरजांशी जुळत नव्हत्या. विषय तिथेच बदलला.

तर, कौशल्य द्यायचं ठरलं. त्यासाठी पुण्याहून सॉफ्ट स्किल्सचे ट्रेनर मागवले. एप्रिलचं ऊन, पत्र्याचा हॉल, आणि हा माणूस ब्लेझर घालून आला. आल्या आल्या "गुड मॉर्निंग!" म्हणाला. पोरं आपली नेहमीसारखी पुटपुटली. "एनर्जी कमी वाटते!" म्हणून पुन्हा गुड मॉर्निंग. तिसऱ्या गुड मॉर्निंगला मागच्या बाकावरून अशी आरोळी आली की बाहेर झाडाखाली झोपलेला शिपाई धडपडत उठून घंटा बडवून आला. पहिला तास तिथेच संपला.

दुसऱ्या तासाला 'आय कॉन्टॅक्ट'. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं, नजर हटवायची नाही. पोरांनी हे फारच मनावर घेतलं. पुढचा आठवडाभर माझ्या वर्गात साठ जण माझ्याकडे पापणी न लववता बघत होते. इतकी वर्षं मी ज्या सुखाने शिकवत आलो त्याचं मूळ, माझ्याकडे कोणी बघत नाही, हे होतं, असं तेव्हा ध्यानात आलं. मला 'लीळाचरित्र' सुचेना. कॅन्टीनवाला तक्रार घेऊन आला : "सर, पोरं चहा घेत्यात आन् नुसती टक लावून बघत्यात. पैसं मागायची भीती वाटाय लागलीय."

मग मुलाखतीची तयारी. आपला कमकुवतपणा असा सांगायचा की तो गुणच वाटला पाहिजे, ही ट्रेनरसाहेबांची शिकवण. पोरं एकामागून एक उठून सांगू लागली : "माय वीकनेस इज, आय ॲम परफेक्शनिस्ट." ज्या पोराने माझा गृहपाठ दिवाळीपासून दिलेला नाही तोही परफेक्शनिस्ट निघाला. बहुधा त्यामुळेच उशीर होत असावा. शेवटी एक पोरगं उभं राहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणालं, "सर, माझा वीकनेस गणित."

ट्रेनर कळवळले. "असं खरं नसतं सांगायचं!"

ग्रुप डिस्कशनला विषय होता, 'मोबाईल : शाप की वरदान'. हा विषय आमच्या कॉलेजात वक्तृत्व, निबंध, वादविवाद आणि पथनाट्य अशा सगळ्या वाटांनी येऊन गेलेला असल्याने भाषणं प्रत्येकाला पाठ होती. सात जणांनी ती एकाच वेळी सुरू केली. जो जोरात बोलेल तो लीडर, असा त्यांचा समज. आठवी मुलगी गप्प बसून होती. कुणाचं सुटलं ते कागदावर टिपत होती, मधूनच एका लाजऱ्या मुलीकडे बोट करून "आधी हिला बोलू द्या," म्हणत होती. तिला ट्रेनरने दहापैकी तीन गुण दिले. 'पार्टिसिपेशन कमी.'

खरी गंमत मात्र रेझ्युमेची. आमच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार दहावी पास. तो जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरतो, शिष्यवृत्तीचे अर्ज अपलोड करतो, पॅन काढतो, सातबारा काढतो, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करतो. कुठलं सरकारी पोर्टल रात्री किती वाजता चालतं, हे त्याला पाठ आहे. ओटीपी येत नसला की मोबाईल कुठल्या खिडकीत धरायचा हेही तोच सांगतो. गर्दीच्या वेळी चार गिऱ्हाइकांची कामं तो एकदम करतो, एकाचा फोटो दुसऱ्याच्या अर्जावर गेलेला मी आजवर ऐकला नाही. आमच्या कॉलेजात शिकवली जाणारी झाडून सगळी कौशल्यं या एका माणसात आहेत. तो कॉलेजात मात्र कधी आला नाही. वेळच मिळाला नाही म्हणतो.

तर पोरं रेझ्युमे याच्याकडून करून घेतात. साधा तीस रुपये, रंगीत फोटोसकट पन्नास. मी पहिल्या वर्षी शंभरभर रेझ्युमे जमा केले आणि रात्री वाचायला बसलो. वाचता वाचता भास होऊ लागला की आपल्या कॉलेजात एकच विद्यार्थी आहे आणि त्याचे फोटो वेगवेगळे आहेत. सगळ्यांचं ध्येय एकच : नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. सगळ्यांचे छंद एकच : लिसनिंग म्युझिक, रीडिंग बुक्स. (रीडिंग बुक्सवाल्यांपैकी कितीजण ग्रंथालयात येतात, हे मी ग्रंथपालांना विचारलं. ते हसत हसत खोकू लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं.) आणि तळाशी, वरील सर्व माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र, दिनांक, आणि ठिकाण : नांदेड.

"आपल्या पोरांचं नांदेडशी काय नातं?" मी दुकानात जाऊन विचारलं.

"सर, पहिल्यांदा एक नांदेडचा पोरगा आला होता. चांगला झाला होता त्याचा रेझ्युमे. मग तोच ठेवला."

"बदलायचं ना!"

"कुणी वाचलंच न्हाई आजवर. तुम्ही पयले."

ईमेलचं प्रकरण आणखी वेगळं. पत्ते आठवी-नववीत, ऐन उमेदीत काढलेले. एका मुलाखतीच्या यादीत 'किंगमेकर', 'एकटावाघ' आणि 'तुझीचवाट' असे तिघे ओळीने होते. मी 'तुझीचवाट'ला बोलावून म्हटलं, "बाळा, हा पत्ता बदल. बँकेत नोकरी मागतोयस." तो म्हणाला, "सर, तिचं लग्न झालं, पण पासवर्ड आठवत न्हाई." ईमेल लिहायला शिकवलं, तेव्हा सगळा अर्ज विषयाच्या रकान्यात आला आणि खालची मोठी पांढरी जागा मोकळी राहिली. व्हॉट्सॲपवर वाढलेल्या पोरांना दोन खोल्यांचं हे घर कशाला, हेच उमजेना.

आता तर एआय आला. मला वाटलं, सुटलो. अर्जांची भाषा एकदम सुधारली, इतकी की मला शब्दकोश उघडावा लागला. मग एका कंपनीतून फोन आला. "सर, तुमच्या विद्यार्थ्याचा अर्ज छान आहे, पण त्याची सुरुवात 'मी, आपले पूर्ण नाव येथे लिहा, आपल्या नामांकित, कंपनीचे नाव येथे लिहा, मध्ये' अशी आहे." मी त्या पोराला जाब विचारला. तो चकित झाला. "सर, ते त्यांनी भरायचं होतं ना? फॉर ऑफिस यूज असतंय की तसं."

प्रमाणपत्रांवर तर बोलायलाच नको, पण बोलतो. २०२० च्या टाळेबंदीत देशातल्या समस्त कॉलेजांना प्रश्नमंजुषेचं वेड लागलं होतं. गुगल फॉर्म भरा, चाळीस टक्के मिळवा, ई-प्रमाणपत्र घ्या. पर्यावरण दिन, योग दिन, हात धुण्याची शास्त्रशुद्ध पद्धत. त्या काळात आम्ही प्राध्यापकांनीही ढीग केला. हात धुण्यात मी प्रावीण्यासह उत्तीर्ण आहे, बढतीच्या फाइलीत लावलंय. तेव्हा पोरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. एनपीटीईएल किंवा स्वयमवर आयआयटीचे प्राध्यापक खरोखर शिकवतात, आठ आठ, बारा बारा आठवडे. आमची पोरं तिथे नाव नोंदवतात, पहिल्या आठवड्याचा पहिला व्हिडिओ दीडपट वेगाने बघतात आणि रेझ्युमेत 'पर्स्युइंग' लिहितात. काही जण पहिल्या वर्षापासून पर्स्युइंग आहेत, अजून काही ते सापडलेलं नाही.

हे सगळं करून आम्ही पोरं तयार केली, आणि कंपनी आली. कॅम्पस ड्राइव्ह! फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर कंपनीच्या नावापेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा. पोरं थोरल्या भावाच्या लग्नातले ब्लेझर घालून आली, काहींच्या खिशात अक्षतांचे तांदूळ निघाले. टाय होते, पण बांधता कुणाला येईना. प्राचार्यांना येत नव्हता, मला येणं शक्यच नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेचे परिचर धावून आले. ते लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. तिथे गणवेशाला टाय असतो. त्यांनी एक टाय आपल्याच गळ्यात बांधला, फास सैल करून डोक्यातून काढला आणि पोराच्या गळ्यात घातला. मग शक्कल निघाली. पोरगं आत जाऊन मुलाखत देऊन आलं की गाठ न सोडता टाय डोक्यावरून काढायचा आणि पुढच्याच्या डोक्यात अडकवायचा. लाल रेघांचा तो एकच टाय दिवसभर आत-बाहेर करत होता. संध्याकाळी मुलाखत घेणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "सर, तुमचा ड्रेस कोड चांगला आहे. सगळ्यांचे टाय सारखे."

पद 'रिलेशनशिप ऑफिसर'चं होतं. एका पोराने कामाचं स्वरूप नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, कर्जाची वसुली ना?" मॅडम म्हणाल्या, "आम्ही तसं म्हणत नाही."

मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. एक पोरगं आत आलं. मी त्याला ओळखत होतो. ते पहाटे पाचला दूध संकलन केंद्रावर बसतं. वाडी-वस्तीवरनं पाऊणशे-ऐंशी जण दूध घेऊन येतात. हे प्रत्येकाचा नमुना मशीनला लावतं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, बघतं, पावती फाडतं, दर दहा दिवसांनी पगार काढतं. गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर ठरतो. त्याच्या खाली एक पॉइंट लागला की माणसं घागर आपटतात, पिढ्यांची भांडणं काढतात. हे पोरगं त्या सगळ्यांना समजावून साडेआठला कॉलेजात येतं आणि माझ्या तासाला झोपतं. मी उठवत नाही.

"कस्टमर हँडलिंगचा काही अनुभव?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"डेटा एंट्री?"

"नाही."

"काँफ्लिक्ट मॅनेजमेंट?"

"म्हणजे काय, मॅडम?"

मी खुर्चीत चुळबुळ करू लागलो. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा फर्निचर झालो. तेवढ्यात पोराचा फोन वाजला. बंद करायच्या गडबडीत त्याने तो उचललाच. "बोला अण्णा... नाही नाही, तुमचं तीन-दोन लागलंय... मशीन काल सर्व्हिसिंग झालंय. पाणी घातलं असं मी म्हणतोय का? कडबा बदलला का बघा, नुसता ऊस घालताय दोन महिने... बरं, उद्या तुमच्यासमोर दोनदा लावतो. दोन्ही पावत्या तुमच्या हातात. मग तर झालं? आन् वहिनींचं बिल मी कालच चढवलंय." फोन ठेवून त्याने मान खाली घातली.

"हे काय होतं?"

"काही नाही मॅडम. घरचं काम होतं. सॉरी."

त्याच्या नावापुढे शेरा पडला : कम्युनिकेशन पुअर. तो फोनवर मराठीत बोलला होता ना.

याच पोराच्या रेझ्युमेत 'स्किल्स'खाली मी नंतर बघितलं. एमएस ऑफिस, इंटरनेट ब्राउझिंग, टीमवर्क (बेसिक). मागच्या गॅदरिंगच्या सचिव मुलीचंही तसंच. तिने मंडपवाल्याला निम्म्यावर आणला, पोलीस स्टेशनात जाऊन परवानगी काढली, रात्री दहाच्या ठोक्याला डीजेचा प्लग स्वतः उपटला आणि हिशेबात शिल्लक दाखवली. आमच्या कॉलेजच्या इतिहासात गॅदरिंगला शिल्लक राहिल्याची नोंद नव्हती. ती रक्कम कुठल्या खात्यात भरायची, यावर ऑफिसात दोन दिवस चर्चा झाली. रेझ्युमेत यातलं काहीच नाही. "त्याचं सर्टिफिकेट कुठाय सर?" हे तिचं म्हणणं. नसलेल्या सर्टिफिकेटचं काय करायचं, ते मलाही सांगता येईना, कारण माझ्याकडे फक्त हात धुण्याचं आहे.

तिसऱ्या वर्षाला ओजेटी असते. ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे एकशेवीस तास पोराने प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवायचे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत काढली. त्यांच्या कमवा आणि शिकामध्ये पोरं शेतात राबून शिकली, ते तास कुणी मोजत बसलं नसावं. आम्ही मोजतो. प्रश्न एवढाच की, तालुक्याच्या गावात दोनशे पोरं पाठवायची कुठे? कारखाना एक, तोही साखरेचा, तोही हंगामी. बँकेने हात जोडले. सीएंच्या ऑफिसात चार घेतली. ती पहिला आठवडा व्हाउचर चिकटवत होती, दुसऱ्या आठवड्यात डिंक संपला. पतसंस्थेचे मॅनेजर म्हणाले, "पाठवा की, पण ठेवीदार आले तर पोरांनी तोंड उघडायचं न्हाई." हार्डवेअरवाल्याने एक घेतला आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, "सर, तुमच्या पोराला इंची अन् सूत कळत न्हाई, त्यानं गिऱ्हाइकाला सेंटीमीटरमधी पाइप दिलाय." पोरगं विज्ञान शाखेचं होतं. ते आपल्या जागी बरोबरच होतं.

ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही, त्यांनी जवळचा मार्ग धरला. एका पोराने आपल्या वडिलांच्याच किराणा दुकानात ओजेटी केली. नियमात बसत होतं. अहवालही असा की बघत राहावं. संस्थेचा इतिहास, संस्थेची रचना : वडील अध्यक्ष, आई वित्त विभाग, आजी गुणवत्ता नियंत्रण (तांदूळ व डाळी निवडणे). पुढे स्वॉट विश्लेषण. बलस्थान : एसटी स्टँडजवळ. कमकुवत बाजू : पावसात गळते. धोका : समोर चुलत्यांचं दुकान.

आणि शेवटी आस्थापना प्रमुखांनी भरून, सही-शिक्का मारून दिलेलं मूल्यमापनपत्रक. एकूण गुण पंचवीस. सगळ्या दुकानदारांनी डोळे झाकून बावीस-तेवीस दिले होते. या वडिलांनी मन लावून भरलं होतं. वक्तशीरपणा : पाचपैकी एक. शेरा : उठवावा लागतो. संवाद : तीन. शेरा : बायकांशी बरा बोलतो. पुढाकार : शून्य. तांत्रिक ज्ञान : शून्य. शेरा : काटा शून्यावर आणत नाही, त्यामुळे तेही शून्य. प्रामाणिकपणा : पाचपैकी पाच. शेरा : गल्ल्याची किल्ली माझ्याकडे असते.

एकूण नऊ. पास व्हायला दहा लागतात.

त्या रात्री पोराच्या आईचा फोन आला. "सर, काय तरी करा. दोघं एका ताटाला बसंनात." म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. वडील काउंटरवर होते, कानावर पेन, समोर पुडक्याचा दोरा. मी प्रकरण मांडलं. एक गुण वाढवला तर पोराचं वर्ष वाचेल.

"सर, तुम्ही मार्क मागितलं, मी दिलं. खोटं कसं लिवू? शाळा तुमची हाय, दुकान माझं हाय."

तेवढ्यात एक बाई आली, पावशेर शेंगदाणे घेतले. पोराने तोलले, बांधले, हिशेब तोंडी सांगितला. बाई म्हणाली, "खात्यावर लिव." पोरगं म्हणालं, "काकू, मागचं तेवढं द्या, मग लिवतो." बाई कुरकुरली, पण कमरेची पिशवी सोडली.

वडिलांनी तिरक्या नजरेने पाहिलं. "हे यायला लागलंय थोडं," म्हणाले आणि संवादातल्या तीनाचे चार केले. बाजूला छोटी सही. एकूण दहा. मी सुटकेचा श्वास सोडला, पण काम संपलं नव्हतं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी प्रत्येक आस्थापनेशी सामंजस्य करार लागतो. पाचशेच्या स्टॅम्पवरचा, इंग्रजी. मी तो पुढे केला. बाकीच्या दुकानदारांनी जिथे खूण होती तिथे सही ठोकली होती. यांनी चष्मा लावला.

"हितं काय लिवलंय?"

"ज्ञान आणि साधनसामग्री यांची परस्पर देवाणघेवाण."

"साधनसामग्री म्हंजे माल?"

"तसं थेट नाही..."

"मग कसं? उद्या तुमचा शिपाई येऊन दोन किलो साखर देवाणघेवाण म्हणून न्यायचा. रोखीनं, असं लिवा."

मी कुलसचिवांना फोन लावला, त्यांनी प्राचार्यांना विचारलं, प्राचार्य म्हणाले लिहा काय ते. अशा रीतीने आमच्या सामंजस्य कराराच्या सातव्या कलमात, देवाणघेवाण रोखीने होईल व कॉलेजच्या नावावर उधारी मिळणार नाही, असं मराठीत हाताने लिहिलेलं आहे. नॅकच्या समितीने ते कलम वाचलं तर 'स्थानिक गरजांशी सुसंगत' म्हणून बहुधा गुणच देईल.

वडिलांनी सही केली, शिक्का मारला, खूश झाले. पोराला म्हणाले, "पळ, सरांना चहा आण. दोन सांग."

पोरगं समोरच्या टपरीवरून दोन कप घेऊन आलं. चहा चांगला होता, आलं घातलेला.

"पैसं दिलंस?"

"न्हाई आप्पा. आपल्या नावावर लिवायला सांगितलं."

आप्पांनी कप खाली ठेवला, कानावरचं पेन काढलं आणि हात माझ्यापुढे केला.

"सर, तो मार्काचा कागद द्या बरं जरा परत."